धोंड्याच्या जावयाला हरवायचं कसं?

परवा रविवारी धोंड्याला, म्हणजे अधिक महिन्यातल्या जावयाच्या जेवणाला, राळेगावजवळ सासरी गेलो होतो... आणि चक्क मार खाऊन, खुशीत परत आलो.

लग्नाला तीन वर्षं झाली, पण तिथे माझी अवस्था पहिल्या दिवसासारखीच. पाणी हातात, पाट पायाशी, पहिला अनारसा माझ्या ताटात. स्वतःचा पेला विसळायला उठलो तरी सासूबाई "अगा माय!" करत धावत येतात.

दुपारी जेवणं झाली आणि सगळी पोरं-सोरं पुढच्या खोलीत कूलरसमोर जमली. माझा साळा गौरव याने सेकंडहँड गेमिंग कन्सोल घेतलाय, त्यावर फायटिंगचा गेम लावला. मी हळूच बाह्या सरसावल्या... कारण आपण नेरच्या गेम पार्लरचे एकेकाळचे पहिलवान!

पण स्क्रीनवर फायटर निवडायची वेळ आली आणि डोळेच फिरले. आमच्या वेळी आठ जण असायचे. आठांचे डाव तोंडपाठ. इथे तर चेहऱ्यांची जत्रा भरलेली, एकेक चेहरा तुरीच्या दाण्याएवढा.

वर आणखी पाहुणे! म्हणजे या गेमचे नसलेलेच, उसने आणलेले गडी. एक कुठल्याशा सिनेमातला बंदूकवाला, एक दुसऱ्याच गेममधला कुऱ्हाडवाला, आणि कार्टूनमधला एक चड्डी घातलेला गेंडा. मी लगेच भाषण ठोकलं... खेळाडू मोजके असावेत, पण प्रत्येकात दम असावा. आणि हे उपरे तर नकोतच. ताकद सगळ्यांपेक्षा जास्त, पण गेमच्या गोष्टीत त्यांना जागा नाही. गोष्टीच्या शेवटी बाकी सगळे घरी जातात, हे आपले बाहेरच.

माझी साळी पल्लवी कॉलेजात आहे, तिला हे पटलं नाही. "जिजाजी, आमचं घर एवढं मोठं. तुमाले तरी सगळ्यायची नावं पाठ हायेत काय? पण आपलं आपलं माणूस भेटतेच ना!" माझी तर सकाळीच एका चुलत सासऱ्यांना दुसऱ्याच काकांच्या नावाने हाक मारून झाली होती.

या घराचा नियम साधा आहे. जो हरेल त्याने अंगणातल्या टाक्यातून बादली भरून आणायची आणि कूलरमध्ये पाणी टाकायचं. बाहेर ऊन असं की चप्पल न घालता अंगणात पाय ठेवायची सोय नाही.

मी माझा जुना पैलवान निवडला आणि सुरू झालो. गौरव हरला. त्याचा चुलतभाऊ हरला. पल्लवीही हरली. सगळे बिचारे आळीपाळीने बादल्या वाहत होते आणि मी लोडाला टेकून, 'सराव सुटला तरी हात विसरत नाही' वगैरे सांगत होतो. काय ती ऐट!

मग मधेच आंबा खाऊन मी हात धुवायला उठलो आणि कंट्रोलर बायकोकडे, स्नेहाकडे दिला. तोच माझा पैलवान, समोर तोच गौरव. मी परत येईस्तोवर पैलवान आडवा! गौरवने असे काही डाव टाकले, की जे माझ्यासमोर त्याला येतच नव्हते...

"हे काय आहे?" मी विचारलं. मग स्नेहालाच हसू आवरेना. "आईनं सकाळीच सगळ्यायले बजावलं. धोंड्याच्या महिन्यात जवाई म्हणजे नारायण. नारायणाले कोणी हरवते काय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण खरं सांगतो, आत कुठेतरी लागलं. हरल्याचं नाही, जिंकल्याचं लागलं. मघाशी ज्या उपऱ्यांवर भाषण ठोकलं होतं, त्यांच्यातलाच एक मी निघालो. मान भरपूर, पण घराच्या गोष्टीत जागा नाही.

मी थेट स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "आई, वाण नको, कपडे नको. एक मॅच खरी खेळू द्या."

सासूबाई गंभीर झाल्या. "पण जवाईबुवा, देवाले हरवल्याचं पाप कोनाच्या माथी?" प्रश्न बिनतोड होता. त्यांनी थोडा विचार केला, संध्याकाळसाठी मांडून ठेवलेलं ताट तेव्हाच उचललं आणि मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओवाळलं, अनारशांचं वाण हातात दिलं, वाकून नमस्कारही केला. मला कानकोंडं झालं.

मग ताट खाली ठेवून त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. "झाली नारायणाची पूजा. देव गेला देवघरात. आता राह्यले ते आपले प्रशांत... हाना!"

पल्लवीने शांतपणे तो चड्डीवाला गेंडा निवडला. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझा पैलवान बहुतेक वेळ हवेतच होता. दुसऱ्या राउंडला तर गेंड्याला माझी एक बुक्कीही लागली नाही. पोरं सोफ्यावर नाचत होती, आणि सासूबाई सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होत्या!

मी बादली उचलली. कोणीही "राहू द्या, राहू द्या" म्हणत धावलं नाही. टाक्यातलं पाणी पार कोमट झालेलं, अर्धं कूलरमध्ये आणि अर्धं माझ्या नव्या शर्टावर.

कूलर बसवलेल्या खिडकीच्या आत सासरेबुवा आडवे झाले होते. तीन वर्षांत 'तुम्ही'शिवाय एक शब्द बोलले नसतील. डोळे न उघडताच म्हणाले, "अरे प्रशांत, आनखी एक बादली टाक ना बे, लय गरम होऊन राह्यलं."

दोन टाकल्या.