अर्जाखालचा ‘गुड’

पनवेलच्या एका कॉलेजात मी काही वर्षं पाऊण माणूस होते. हे मी नम्रतेने म्हणत नाही, तसा कागदच होता. आमच्या इंग्रजी विभागाच्या आठवड्याच्या तासांची बेरीज करायची, तिला एका शिक्षकाच्या तासांनी भागायचं, उत्तर येईल तेवढी माणसं मंजूर. दरवर्षी उत्तर यायचं पावणेतीन. दोन पूर्ण माणसं आधीच कायम होती आणि त्यांतले एक विभागप्रमुख होते. उरलेला अपूर्णांक मी. जूनला नवी ऑर्डर घ्यायची आणि एप्रिलला नारळ.

या भागाकाराला वर्कलोड म्हणायचे. गंमत अशी की त्या लोडमध्ये वह्या नव्हत्या. वर्गात उभं राहून बोललं की तास मोजला जायचा. मुलांनी लिहिलेलं घरी बसून वाचलं तर शून्य. आणि मला शिकवायचं होतं नेमकं लेखन. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला पत्रं, अर्ज, तक्रारी. चार तुकड्या, प्रत्येकीत शंभराच्या वर मुलं. फळ्यावर पोहायला शिकवावं तसं मी त्यांना लिहायला शिकवत होते.

मुलंही काही कमी नव्हती. गाइडमध्ये एक नमुना तक्रारपत्र होतं, पुस्तकांचं पार्सल भिजून आल्याबद्दलचं. कसलीही तक्रार लिहायला सांगा, पार्सल भिजायचंच. एकदा मी सोसायटीच्या नळाला पाणी येत नसल्याची तक्रार लिहायला सांगितली. निम्म्या वर्गाच्या पत्रात चार दिवस पाण्याचा थेंब नव्हता आणि पुस्तकं मात्र चिंब झाली होती. अर्थात हे मी वह्या वाचत होते तेव्हाचं. त्यानंतर मी वाचणं सोडलं.

मग माझी एक पद्धत बसली. वही उघडायची, पानाच्या मध्यावर बरोबरची खूण, खाली ‘गुड’, सही, तारीख. नवीन पनवेलच्या घरात टीव्हीसमोर बसले की एका मालिकेत चाळीस वह्या व्हायच्या, जाहिराती जास्त असल्या तर पन्नास. ‘व्हेरी गुड’ मी कोणालाच देत नसे. उगाच एक शब्द जास्त लिहावा लागतो.

एका वर्षी जुलैमध्ये मात्र मला अचानक शिक्षकी झटका आला. चारही वर्गांत मी जाहीर केलं, “गाइड बंद. तुम्हाला खरोखर हवं असेल ते मागणारा अर्ज लिहा. मलाच लिहा.” मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पुढच्या आठवड्यात चारशेवर वह्या आल्या आणि मी त्या नेहमीच्या पद्धतीने, मालिका बघत, निकालात काढल्या.

त्याच हिवाळ्यात विभागप्रमुख सरांना युक्ती सुचली. लेखन शिकवायला पंचवीस-पंचवीसच्या बॅचेस हव्यात असा प्रस्ताव विद्यापीठाच्या कमिटीकडे पाठवायचा. बॅचेस मिळाल्या की तास वाढणार आणि तास वाढले की मी पूर्ण होणार. “मॅडम, यंदा तुम्हाला एक करूनच सोडतो,” सर म्हणाले. प्रस्तावात त्यांनी एक झोकदार वाक्य टाकलं, की या विभागात प्रत्येक विद्यार्थ्याचं लेखन ओळ न् ओळ वाचलं जातं. पुरावा म्हणून वह्या गोळा झाल्या. स्टाफरूममध्ये त्यांचे मनोरे उभे राहिले, प्रत्येकीत माझी लाल खूण. सर त्यांच्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी खिडकीबाहेर.

फेब्रुवारीत डिफॉल्टर लिस्ट लागली. हजेरी कमी असलेल्या मुलांना परीक्षेला बसू द्यायचं नाही, त्यांची ही यादी. दुपारच्या डी तुकडीतला एक मुलगा त्यात होता, इंग्रजीला हजेरी जवळजवळ शून्य. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. विचुंब्याकडचा, किरकोळ अंगाचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

“मॅडम, माझी हजेरी कशी नाय? मी रोज येतो सकाळी, ए डिव्हिजनला.”

“तू डीचा ना? मग एमध्ये कशाला बसतोस?”

“तुमी परवानगी दिली ना.”

मी म्हटलं, कधी? त्याने मनोऱ्यातून आपली वही शोधून काढली. जुलैचा अर्ज. दुपारच्या शेवटच्या, म्हणजे इंग्रजीच्या तासाच्या वेळी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काम मिळालं आहे, तरी इंग्रजीला सकाळच्या तुकडीत बसायची परवानगी मिळावी, असा मजकूर. मध्यावर बरोबरची खूण. खाली ‘गुड’, माझी सही, तारीख. त्याच्या हिशेबाने अर्ज मंजूर झाला होता. सात महिने तो सकाळी शेवटच्या बाकावर बसून माझं इंग्रजी ऐकत होता, आणि सव्वाशे डोक्यांमध्ये मला एक डोकं जास्त आहे याचा पत्ताही नव्हता. हजेरी मी नंबरांची घेत होते आणि त्याला त्या वर्गात नंबरच नव्हता.

सरांना सांगितलं तर त्यांची पाचावर धारण बसली. “मॅडम, तुम्ही हात वर करा. म्हणा, मला काही माहीत नाही. प्रस्ताव सोमवारी जायचाय!”

प्रकरण प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलं. प्राचार्य जुने, खडूस, पण बुद्धीने तल्लख. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि मुलाला म्हणाले, “मॅडमनी हे वाचून गुड दिलं असतं, तर तुझं नाव सकाळच्या मस्टरवर चढवलं असतं. चढवलेलं नाही. म्हणजे गुड आधीच्या मजकुराला होतं, इथे जागा कोरी होती आणि तू अर्ज नंतर घुसडलास. ही लबाडी आहे. परीक्षा तर विसरच, घरी पत्र जाईल.”

मुलगा पांढरा पडला. “सर, मी रोज असतो. मॅडमची चप्पल तुटली त्या दिवशी पण मी होतो. मॅडमनी अनवाणीच शिकवलं, आनि चपलेच्या दुकानाला तक्रार फळ्यावर लिवली.”

खरं होतं. आणि ते ए तुकडीतच घडलं होतं. पण प्राचार्य म्हणाले, “चपलेचं सगळ्या कॉलेजला माहीत आहे. मलाही माहीत आहे.”

माझ्या शेजारी सर बसले होते. टेबलावर प्रस्तावाची फाइल होती, ओळ न् ओळवाली. मी गप्प राहिले तर मुलगा लबाड ठरत होता आणि मी पूर्ण माणूस होत होते. त्या क्षणी मला मोठं धैर्य वगैरे आलं नाही. मला फक्त भयंकर लाज वाटली आणि स्वतःचा राग आला.

“सर, अर्ज जुलैचाच आहे,” मी म्हटलं. “मी तो वाचला नव्हता. मी कोणाचंच वाचलेलं नाही. ह्या सगळ्या वह्यांतलं एकही पान नाही.”

सरांनी डोळे मिटून घेतले. प्राचार्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलकडे, मग चष्मा काढून पुसला. “अहो मॅडम,” ते म्हणाले, “ह्या प्रस्तावावर काल मी सही केली. मीही वाचला नव्हता.” मग ते असे हसत सुटले की शिपाई दार उघडून बघून गेला.

मुलाची हजेरी त्यांनी तिथल्या तिथे मान्य केली आणि त्याचं नाव यादीतून काढलं. ते झोकदार वाक्यही स्वतःच्या हाताने खोडलं. प्रस्ताव त्या वाक्याविना गेला आणि तसाच नामंजूर होऊन परत आला. सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी पुढची दोन वर्षं पाऊणच राहिले.

पण त्या दिवशी केबिनबाहेर आल्यावर मी चांगलीच खुशीत होते. मुलगा वाचला होता, मीही कधी नव्हे ते खरं बोलले होते. वाटलं, आता हा पाया पडणार. तो वही छातीशी धरून नुसता उभा होता.

“मॅडम, म्हंजे तुमी वाचलाच नाय?”

“नाही रे. पण आता काय, काम झालं ना तुझं?”

“झालं,” तो म्हणाला. “तो मी गाइडमधून नव्हता लिवला. पयल्यांदाच सगला माझ्या मनानं लिवला होता. मला वाटलं, तुमाला आवडला.”

मी त्याच्या हातातून वही घेतली आणि कॉरिडॉरमध्ये उभी राहून अर्ज वाचला. अकरा ओळींचा होता. चुका पुष्कळ होत्या, पण एकही वाक्य उसनं नव्हतं. काय हवं, का हवं आणि त्या बदल्यात तो काय कबूल करतो, सगळं सरळ लिहिलं होतं. वर्षभर मी जे शिकवत असल्याचं सांगत होते, ते त्या पानावर होतं.

“चांगला आहे,” मी म्हटलं. “खरंच खूप चांगला लिहिलायस.”

त्याने मान डोलावली, वही घेतली आणि काट्यावर जायला उशीर होतोय म्हणून निघाला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता हे मला दिसलं, आणि ठेवावा असं काही मी त्याला दिलंही नव्हतं.