कोणता गुडघा

वाकडच्या आमच्या सोसायटीत बॅडमिंटन कोर्टाशेजारच्या बाकावर एक आजोबा रोज संध्याकाळी बसायचे. शेंगा सोलायचे आणि टरफलं सदऱ्याच्या खिशात जपून टाकायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या उजव्या गुडघ्याचा झिजलेला अर्धा भाग बदलल्यावर डॉक्टरांनी डबल्स खेळायची परवानगी दिली. मी व्रण सगळ्यांना दिसेल अशी हाफ पँट घालून कोर्टावर हजर झालो. शटल चुकलं की गुडघा धरायचा आणि चेहरा वाकडा करायचा. जोडीदार लगेच म्हणायचा, "जपून राव, आपल्याला कुठं कप जिंकायचाय?" ऑपरेशनच्या आधीही मी इतकीच शटलं सोडायचो, पण तेव्हा तो इतक्या मायेनं बोलत नसे.

एकदा अगदी हातातलं शटल सुटलं. मी सवयीनं गुडघा धरून कण्हलो. पाणी प्यायला बाकाशी गेलो, तेव्हा आजोबा फक्त मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "सायेब, आपरेशन उजव्या गुडघ्याचं हाय न्हवं? मघाशी डावा धरला तुमी."

मला ठसका लागला. त्यांनी शांतपणे चार शेंगा माझ्यापुढे केल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलंच शटल माझ्या पायाशी पडलं. मी चोरून बाकाकडे पाहिलं. आजोबांनी सोलणं थांबवलं आणि गंभीर चेहऱ्यानं स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून मला दाखवला.