मजुरीचा रकाना

जळोचीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी दिवसभर एकटी व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचे, अँप्लिफायर जोडत बसते. शाळेतल्या मैत्रिणी पुण्याला गेल्या. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या ऑर्डरीत तुझी मजुरी सुटली तर हे कर. नाहीतर पुण्यात नोकरी बघायची."

पहिली विचारणा इंदापूरच्या एका आबांची. निवृत्त फिटर, कानांनी अधू. जुन्या रेकॉर्डी नीट ऐकू याव्यात म्हणून त्यांना शंभर वॅट हवे होते. दोन व्हॉल्व्हमध्ये भागलं असतं, पण ते सतत ताणाखाली राहून लवकर गेले असते. मी चार धरले.

या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर इंदापूरलाच, मोटर रिवायंडिंगवाल्या काकांकडून गुंडाळून घ्यायचा होता. त्यांनी माझा कागद बघितला.

"किती एचपी?"

"एचपी नाही, शंभर वॅट."

"आन एवढं तांबं? बल्ब बी शंभरचा असतोय की ताई!"

हसत त्यांनी तारेचं वजन केलं, त्यात आपली मजुरी मिळवली, आकडा सांगितला. मी तो माझ्या यादीत लिहिला. ते वाकून यादी वाचू लागले.

"समद्यांचं लिवलंय. तुमचं कुठाय?"

"आबा देतील समजून."

"समजून? मी मोटारी अशा सोडल्या असत्या तर दुकानाला कवाच कुलूप लागलं असतं."

तिथेच स्टुलावर बसून मी मजुरी लिहिली. चाळीस हजार. सुटे भाग एक लाख दहा हजार. चार महिन्यांच्या कामाला चाळीस जास्त नव्हते, तरी लिहिल्यावर तो आकडा दुसऱ्याच कुणाचा वाटला.

तिथून आबांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. कागद पुढे केला, तर म्हणाले, "चष्मा आत हाय. वाच तूच."

सुटे भाग मोठ्याने वाचले. मजुरीवर माझा आवाज बारीक झाला.

"चाळीस हजार."

"आं?"

शेजारच्या ओट्यावर धान्य निवडणाऱ्या दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"तीस हजार!" मी ओरडले.

आबांनी मान तिरकी केली. "आधी चाळीस म्हनलीस न्हवं?"

म्हणजे ऐकू आलं होतं. माझे कान तापले.

"मग खरं कंचं?"

खाली बघतच मी म्हणाले, "चाळीस."

"मोठ्यानं बोल की. मी काय मारतोय व्हय?"

"चाळीस!"

"हां. कर मग."

शेजारच्या दोघी हसल्या. आबांनी चहा सांगितला. तो घाईने पिऊन मी निघाले.

परतीच्या एसटीत लक्षात आलं, आता चार महिने तीच खोली. सोल्डरचा धूर, मीटर, आणि दुपारी जेवायला खालून आईची हाक. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन काढला. मैत्रिणींचा ग्रुप उघडला. व्हॉल्व्ह म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं. बंद केला.

वडिलांना लिहिलं, "मजुरी सुटली."

त्यांनी अंगठा पाठवला.