राणीची दाढी

दिवाळी झाली की आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे पाव्हणे, जिलेबी, बाजार आणि भर दुपारी चौकात दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य. दंडार उघड्या उन्हात होते आणि तिच्यात बायांची कामं अजूनही पुरुषच करतात. आमच्या गावची राणी मी. सलग बारा वर्षं. एरवी किराणा विकतो आणि चार बांध्या धान लावतो, पण ओळख विचाराल तर राणी.

अडचण एकच. या राणीला दाट दाढी आहे, आणि दाढीखालची कातडी अशी नाजूक की नुसता गमछा जोरात घासला तरी लाल होते. बायको म्हणते, "मनापेक्षा तुमचा गालच हळवा आहे."

गेल्या वर्षीच्या मंडईआधी मला राणीला जास्तच देखणी करायची हुक्की आली. दुकानाचा माल आणायला गोंदियाला गेलो होतो. तिथल्या दुकानदारानं पाच पात्यांचा रेझर हातात ठेवला. "भैया, मक्खन जैसा चलेगा." मक्खन कोणाचं होणार, ते त्यानं सांगितलं नाही. मंडईच्या सकाळी तो रेझर वरून खाली फिरवला, मग खालून वर, मग समाधान होईना म्हणून आडवा. वर तुरटी घासली. तुरटी झोंबली म्हणून लिंबू चोळलं. का, ते विचारू नका. लिंबू झोंबलं तेव्हा पाव्हण्याच्या बॅगेतलं सुगंधी लोशन ओतलं, आणि या सगळ्यावर रंग चढवला.

दुपारी घाम आला, रंग उतरला. राणीनं हसत राजाच्या गळ्यात माळ घालायची होती. इथे डोळ्यांना धार लागलेली आणि गालभर लाल पुरळ. पुढच्या रांगेतली एक आजी हात वर करून ओरडली, "अवो, रानीले गोवर निंगला वाटते! राजाले दूर उभा करा!"

राजा खरंच दोन पावलं मागे सरला.

दंडार बसवणारे आमचे शाहीर सत्तरीचे, जिभेला धार. सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या साली असं थोबाड घेऊन आला तं लुगडं तुह्या साडूले देईन. त्याचा गाल पाय, कसा गुळगुळीत हाय!" साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमच्याच गावात राहतो. त्याच्या गालावर बकरीइतकीही दाढी नाही. इतक्या वर्षांचं राणीपद त्याच्याकडे जाणार, या विचारानं मला जेवण जाईना.

मग सुरू झाले उपाय. बेसन, हळद, कोरफड, तांदळाचं धुवण. दाढी मात्र रोज, तीच, तिन्ही दिशांनी. मोरीच्या फळीवर माझ्या वाट्या आणि बाटल्या इतक्या झाल्या की बायकोची कुंकवाची डबी खिडकीत गेली. एक दिवस तिनं सगळं पिशवीत भरलं. "गालावर शेती करून रायले का? जा, न्हाव्याले दाखवा."

बसस्थानकाजवळच्या म्हाताऱ्या न्हावीकाकांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं.

"तू दाढी करते का वखर चालवते गा?"

"काका, राणीचा गाल गुळगुळीत पायजे ना."

"धान कापतानी एका बुडाले इळा किती डाव लावते?"

"एक डाव."

"मांगं धसकट रायते का नाई?"

"रायते."

"मंग गालावर रायलं तं कायले जीव जाते? खुंटं रंगाखाली झाकते. फोड नाई झाकत."

इतकी वर्षं मी खुंटांशी लढत होतो आणि फोड पिकवत होतो. काकांनी पंधरा दिवस पातं लावायला बंदी केली. त्यानंतर एक दिवसाआड: कोमट पाण्यानं दाढी नीट भिजू द्यायची, साध्या साबणाचा फेस ब्रशनं लावायचा, एका पात्याचा रेझर, पातं नवं. केस वळतात त्याच दिशेनं, न दाबता, एकदाच. मग गार पाणी, आणि टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही.

"आन् वरून काय लावू?"

"कायी नोको. वरून घरी जा."

ऐकायला सोपं आहे. पण माझ्यासारख्याला 'एकदाच' हा शब्द फार जड. हात आपोआप परत वर जाई. तरी पाळलं. पोळ्यापर्यंत लाली गेली, दसऱ्यापर्यंत फोड गेले.

यंदाच्या मंडईची सकाळ उजाडली. आरसा दाराच्या चौकटीला अडकवून दाढी केली. एकदाच. हनुवटीखाली बोट फिरवलं तर खरखर. रेझर अजून ओला, पाणी अजून कोमट. ओसरीवर साडू चहा फुंकत बसलेला. "भाऊ, मी आंघोळ करूनच आलो. गरज पडली तं लुगडं नेसतो."

हात रेझरकडे गेला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. मी रेझर उघडला, पातं काढलं, कागदात गुंडाळलं आणि डब्यात टाकलं. आयुष्यात माझ्या हातानं वेळेवर थांबण्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

चौकात शाहिरांनी माझी हनुवटी उन्हाकडे केली, अंगठा फिरवला. "खरखर हाय." मागे साडू उठून उभा राहिला. शाहिरांनी पुन्हा निरखलं. "पन फोड एक नाई. रंग झाकेल. जा, लुगडं नेस."

त्या दुपारी ऊन पार डोक्यावर होतं. मी हसत माळ घातली, आणि राजा जागचा हलला नाही.

संपल्यावर ती गोवरवाली आजी काठी टेकत आली. दोन्ही तळहात माझ्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "यंदा रानी लय देखनी दिसली." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पन गाल खरखर करते बाई तुहा!"

"मुद्दाम ठेवला, आजी," मी म्हणालो. एवढ्या तोऱ्यात राणीनं बारा वर्षांत एकही वाक्य म्हटलं नव्हतं.