कंडराबाईंच्या आजारी पेशी

कंडराबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी टाचेकडे. आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नवे प्राचार्य आले तेव्हा आम्ही सगळे हसऱ्या चेहऱ्याने रांगेत उभे, आणि या बाई त्यांच्या चालीकडे टक लावून. हार घालता घालताच म्हणाल्या, "सर, डावी टाच सकाळी ताठरते ना? शुगर बघून घ्या एकदा." प्राचार्यांनी शुगर काही बघितली नाही. बाईंची प्रयोगशाळा मात्र आठवड्याच्या आत जिन्याखालच्या खोलीत गेली.

स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा जो दोर असतो, तो कंडरा. डॉक्टर मंडळी टेंडन म्हणतात, पण बाई मराठी माणसाशी बोलताना कंडराच म्हणत, म्हणून हे नाव पडलं. मी तिथला ऑफिस सुपरिंटेंडंट. चिक्कडपल्लीतल्या आमच्या घराण्यात निजामाच्या काळापासून सरकारी नोकऱ्या, त्यामुळे बसायचं कसं एवढंच आम्हाला पिढीजात ठाऊक. बाई अंबरपेठच्या, वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले. रोज सकाळी "जयभीम, भाऊ" म्हणत माझ्या टेबलाशी थांबायच्या आणि माझ्या चहात डोकावायच्या.

"चूल पेटली की राख उरतेच," त्या म्हणायच्या. "शरीराचंही तसंच. साखर वाढली की तिच्यापासून एक चिकटा तयार होतो, तो कंडरेत जाऊन बसतो. मग दोर कडक होतो, आणि तुटला तर सांधायचं कसं हे तिथल्या पेशी विसरतात." मी म्हणायचो, "मॅडम, चहा तरी सुखाने पिऊ द्या!" त्या म्हणायच्या, "प्या की. मला पेशी लागतातच."

खोटं नव्हतं ते. मधुमेह असलेल्या, नसलेल्या रोग्यांची ऑपरेशनं झाली की कापून उरलेला कंडरेचा तुकडा मागायला बाई थिएटरच्या दाराशी उभ्या राहायच्या. सर्जन लोक टर उडवायचे. त्या तुकड्यांतून वेगळ्या काढलेल्या पेशी बाई उबदार पेटीत, काचेच्या बशांमधून वाढवायच्या. अर्ध्या बशांना साधं खाणं, अर्ध्यांना साखरेचा तो चिकटा. मग प्रत्येक बशीत बारीक चरा पाडायचा आणि तो कोण बुजवतं ते बघायचं. साध्या पेशी सरकत येऊन चरा भरून काढत. चिकट्यातल्या ढिम्म बसून राहत, अगदी आमच्या आवक-जावक विभागासारख्या.

एके सकाळी बाई "जयभीम"सुद्धा न म्हणता आल्या. "भाऊ, चिकटा काढून घेतला होता ना, त्या आजारी पेशी हलल्या! चरा भरू लागल्यात! अजून दोन महिने मिळाले की छातीठोक सांगता येईल." मला शास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझीही टाच दुखत होती, त्यामुळे मला फार आनंद झाला.

पण ते राज्याचे दोन तुकडे होण्याचे दिवस होते. खुर्च्या, पंखे, फायली, माणसं, सगळ्याची वाटणी चाललेली. बाईंचा फ्रीझर पलीकडच्या राज्याच्या वाट्याला गेला आणि आतल्या साठवलेल्या पेशींसकट भर उन्हात लॉरीवर चढला. राहिल्या त्या बशा. त्या बघायला दोन्हीकडचे एकेक साहेब आले.

"इसमें अच्छे कौनसे, मॅडम?" इकडच्या साहेबांनी विचारलं.

बाईंनी सरळ सांगितलं, "डाव्या बाजूच्या निरोगी, उजव्या आजारी."

झालं! "हमको बिमार वाले नक्को," इकडचे म्हणाले. "मग आम्ही काय म्हणून घ्यायच्या?" तिकडचे तेलुगूत कडाडले. आजवर आम्हाला आजारीच दिलं म्हणून तर वेगळे झालो, असं इकडच्यांनी ऐकवलं. तासभर भांडून दोघांचं एकमत झालं. त्या वर्षात झालेलं मला आठवतं तेवढं एकच. निरोगी पेशी दोन्ही राज्यांत वाटायच्या. आजारी पेशी म्हणजे निकामी माल, तो नष्ट करायचा.

संध्याकाळी इकडच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाले, "हौले लोगां है सब, एकदम पागल. मॅडमकू बोलो, पाहणीत चूक झाली, सगळ्याच पेशी तंदुरुस्त आहेत असं लिहून द्या. मग मी सगळ्याच थोड्या थोड्या तुमच्याकडे ठेवतो." मी धावतच जिन्याखाली गेलो. म्हटलं, "मॅडम, एक ओळ! फक्त एक ओळ लिहा!"

बाईंनी हातातली बशी पेटीत ठेवली. मग म्हणाल्या, "भाऊ, या आजारी नव्हत्याच असं मीच लिहून दिलं, तर उद्या बऱ्या झाल्या म्हणून कुणाला सांगू?"

मला भयंकर राग आला. जग कुठे चाललंय आणि या बाई कुठे! आमच्या घराण्यात अशा ओळीवर सही करायला कुणी पेनाचं टोपण काढायलासुद्धा वेळ लावला नसता. मी तावातावाने तसं बोललोही. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातमोजे चढवले. नष्ट करायला शिपाई येणार होता, त्याला त्यांनी घरी पाठवून दिलं होतं.

"बघायच्या आहेत?" म्हणाल्या. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चऱ्याच्या दोन्ही काठांवरून लांबट, वाकड्यातिकड्या पेशी एकमेकींकडे निघालेल्या दिसल्या. मधे अगदी थोडी जागा उरली होती.

मी बाजूला झालो. बाईंनी जंतुनाशकाची बाटली उघडली, पहिली बशी हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निरोगी सगळ्यांनाच हव्या असतात हो. मला या हव्या होत्या."