गोकुळाने लावलेलं रान

गोकुळाच्या घराला अंगण उरलं नव्हतं. घरकुल बांधताना भिंत थेट रस्त्याला येऊन टेकली, आणि लहानपणापासून फुलांचा नाद असलेल्या बाईला तुळस ठेवायलाही जागा राहिली नाही. म्हणून तिची नजर गेली गुरांच्या बंद दवाखान्यामागच्या पडीक जागेवर. सिंदेवाहीच्या बाजूचं ते गाव. डॉक्टर केव्हाच बदलून गेला, छप्पर बसलं, आणि मागच्या मोकळ्या जागेत सारं गाव केर टाकू लागलं.

तळ्यावरून विकायची मासोळी घेऊन येताना ती तिथे थांबायची. काचा, प्लास्टिक वेचायची, खड्डा करायची. कण्हेर, जास्वंद, मोगरा, कडेने करंज. कोणाला विचारलं नाही. नवरा इस्तारी म्हणाला, "सरकारची जागा हाय. उद्या कोणी बोललं त?"

"केर टाकाले कोणी विचारते का? मी त फूल लावून राह्यली."

कोणी बोललं नाही. उलट काही वर्षांत महालक्ष्म्यांची फुलं गावभर तिथूनच जाऊ लागली. सरपंच गुणवंतरावांनी एका पावसाळ्यात करंजाला हात लावून फोटोही काढून घेतला. गोकुळा त्या फोटोत नव्हती, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला सुख होतं ते वच्छलाबाईचं. शेजारची ही म्हातारी रोज सकाळी देवासाठी परडीभर फुलं तोडायची आणि येताना मोगऱ्याची मूठभर फुलं गोकुळाच्या उंबऱ्यावर ठेवून जायची. "तुयाच झाडाची हायेत," म्हणायची.

केर मात्र गेला नव्हता, दवाखान्याच्या दुसऱ्या अंगाला सरकला होता. तिथे कोंबड्यांची आतडी पडायची, कुत्री जमायची आणि कुत्र्यांमागे बिबट यायचा. खांबावरचा दिवा लावा म्हणून बायकांनी ग्रामपंचायतीत किती चकरा मारल्या. दिवा लागला नाही.

हिवाळ्यात एका सकाळी, उजाडता उजाडता, बिबट्याने वच्छलाबाईला कण्हेरीच्या आडोशाला ओढलं. किंकाळी ऐकून पहिली धावली ती गोकुळाच. हातातलं जर्मनचं पातेलं दगडावर बडवत ती सरळ आत घुसली, आणि जनावर सोडून पळालं. पण बाईचा गळा फाटला होता. तिचं डोकं मांडीवर घेऊन गोकुळा बसून राहिली. वच्छलाबाईचा मुलगा प्रफुल आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने आईला गोकुळाच्या मांडीवरून उचललं.

"दूर हो," तो म्हणाला. "हे जंगल तूच आणलं गावात."

ग्रामसभेत जंगलखात्याचा माणूस उकिरड्याबद्दल बोलला, दिव्याबद्दल बोलला. ऐकायला कोणी तयार नव्हतं. मग गुणवंतराव उठले. "ग्रामपंचायतीनं परवानगी देली नव्हती. बाईनं आपल्या मनानं लावलं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. गोकुळा उभी राहिली.

"भाऊ, फोटो काढला तवा काऊन नाई सांगतलं?"

गुणवंतरावांनी झाडं तोडायचा ठराव मांडला. घरटी एक माणूस कुऱ्हाड घेऊन येईल, असं ठरलं आणि सभा उठली.

दुसऱ्या दिवशी इस्तारी दारात कुऱ्हाडीला धार लावत बसला.

"तू नोको जाऊ," ती म्हणाली.

"नाई गेलो त आपली मासोळी कोण घेईन?" मान वर न करता तो म्हणाला, आणि गेला.

घरात बसून ती घाव ऐकत राहिली. त्यातला इस्तारीचा कोणता, हे कळू नये म्हणून तिने नळ सोडून भांडी घासायला घेतली. दुपारी तो परतला तेव्हा डोक्यावर करंजाच्या फांद्यांची मोळी होती. सगळ्यांनी लाकूड वाटून घेतलं होतं. प्रफुलच्या घरीही गेलं. ओलं लाकूड चुलीत नुसतं धुमसत राहिलं. त्यावरच तिने भात शिजवला, आणि दोघांनी खाल्ला.

तरीही मासोळी खपली नाही. गोकुळाला पाहिलं की प्रफुलची बायको दिव्यानी रस्ता बदलायची. गोकुळाला तिचा राग येत नसे. कण्हेर नसती, तर वच्छलाबाई त्या बाजूला गेली असती का? मासे खवलताना हा प्रश्न यायचा आणि सुरी हातातच थांबायची. बिबट गावात आधीपासून येत होता, हे तिला ठाऊक होतं. त्याचा उपयोग होत नव्हता. आता ती सिंदेवाहीच्या बाजारात जाऊन विकू लागली, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं.

पावसाळा लागला. तोडलेल्या जागेवर पुन्हा केर पडू लागला होता, आणि त्याच्या मधोमध करंजाच्या बुंध्यांना तांबूस कोंब फुटले. येता-जाता तिला ते दिसले. एके दिवशी ती थांबली. मागे-पुढे पाहिलं. कोणी नव्हतं. तिने खाली बसून एकेक कोंब मुळापासून खुडला, मग दगड घेऊन बुंध्याची साल खरडून काढली. हात हिरव्या रसाने माखेपर्यंत ती खरडत राहिली. एवढ्या वर्षांत त्या जागेत तिने पहिल्यांदाच आपल्या नाही, गावाच्या मनाने काही केलं होतं.