नऊ नंबरची डिश

दुपारचं जेवण जड झालंय आणि संज्योतचा डोळा लागता लागता राहतोय. वेधशाळेच्या गेस्ट हाऊसमधला पंखा गरगरतोय. संध्याकाळी तिला पेपर पाठवायचाय. एका वजनदार, नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याच्या आसपासचं, अनेक डिश अँटेना मिळून बनलेल्या रेडिओ दुर्बिणीनं टिपलेलं चित्र आहे त्यात. ताऱ्याच्या बगलेत एक ठळक गोळा दिसतो. ताऱ्यानं बाहेर फेकलेला वायू, असं तिनं ठोकून दिलंय. सर बेहद्द खूश आहेत. नऊ नंबरची डिश वगळली की गोळा गायब होतो, हे एकट्या तिलाच ठाऊक. शी!

पंखा थांबतो. कंट्रोल रूममध्ये डुंबरेकाका बसलेत. तीस वर्षं दुर्बीण चालवून गेल्या पौषात वारले, तरी स्वेटर तोच, बाहीला लोणच्याचा डाग.

"आलीस? बस, जेवून घे."

टेबलाच्या जागी चूल आहे. भिंती नाहीत, द्राक्षाची बाग आहे, आणि वेलींना घडांऐवजी छोट्या छोट्या डिश लटकल्यात, सगळ्या तिच्याकडे वळलेल्या. काका ताटलीत वाढतात. तोच गोळा. बुरसटलेला, चिकट.

"काका, नको. वास येतोय."

"तूच रांधलंय न्हवं? मंग सायबाला कसं वाढती?"

काका चिडलेले नाहीत, तेच तिला सोसवत नाही. बिघडलेल्या डिशच्या नंबरावर लॉगबुकात लाल पेन्सिलीनं फुली मारायची त्यांची पद्धत. फुली दिसली की त्या डिशचं काही वापरायचं नाही, हे इथं सगळ्यांना पाठ. तिच्या ताऱ्याच्या पानावरही नऊवर फुली होती. काल संज्योतनं ती खोडली. गेलेल्या माणसाची खूण पुसली आणि वर आरामात चहा प्यायली. तिला स्वतःचीच शिसारी येते.

"खोडताना कागद फाटला का गं?"

"नाही."

"म्हंजे जपून खोडलंस." काका घास पुढे करतात. "खा आता."

ती खाते. घास चिवट आहे, चावता चाववत नाही, गिळता गिळवत नाही.

फोन वाजतो. गेस्ट हाऊस, पंखा, चारचं ऊन. सर विचारतात, "संज्योत, पेपर गेला का?"

बोलायला जावं तर जिभेवर काहीतरी आहे. ती तळहातावर थुंकते. खोडरबराची वळी, भिजलेली, लालसर.

"नाही सर," ती म्हणते. "नऊ नंबर काढून चित्र पुन्हा करतेय. गोळा राहणार नाही."